खडकाचा अभ्यास झाला, माणसांचा केव्हा?

हिमालयाच्या कुशीतील लोकजीवन समजून घेणे हे राष्ट्राने आपले कर्तव्य मानले, ही समाधानाची गोष्ट आहे. अल्मोड्याजवळ कोसी-कटारमल येथे १९८८ मध्ये गोविंद वल्लभ पंतांच्या नावाने संस्था निघाली आणि पर्वतीय पर्यावरणाबरोबर तेथील माणसाची उपजीविकाही तिच्या अभ्यासकक्षेत आली. अरुणाचलात दाहुंग येथे हिमालयीन संस्कृतीच्या अध्ययनासाठी केंद्रीय संस्था आहे. याबद्दल असूया वाटण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, राष्ट्राची हीच जिज्ञासा मराठवाड्यात येते तेव्हा ती खडकापाशीच का थबकते?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली असताना, किल्लारी-सास्तूर परिसर कोसळला. सुमारे ८,००० माणसे मेली. आदल्या वर्षीच जमीन हादरत होती, लोक भयभीत होते. परंतु सरकारी नकाशात हा प्रदेश भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात होता. नकाशा बदलला २००२ मध्ये! दरम्यान शास्त्रज्ञ आले, यंत्रे आली, किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. काळ्या पाषाणाचा थर ३३८ मीटर जाडीचा आहे, हे देशाला समजले. ते समजायलाच हवे होते. पण त्या पाषाणावर शतकानुशतके नांदलेल्या समाजाचे काय?

पुनर्वसनाची कथा पाहावी. जागतिक बँकेच्या कर्जातून ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरे कोणत्या मापाने दिली? माणसे मोजून नव्हे, जमीन मोजून! भूमिहीन व अल्पभूधारक यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५०. भूकंपाने एका रात्रीत वाडा आणि झोपडी यांचा भेद मिटविला होता. शासनाने तो सिमेंटमध्ये पुन्हा ओतून पक्का केला. सालगड्याच्या घरात माणसे अधिक असली तरी खोली लहानच, कारण त्याच्या नावावर सातबारा नाही. समतेच्या घोषणा देणाऱ्या राज्यात हे माप कोणाला खटकले, याची नोंद तरी कोणी ठेवली काय?

जुन्या गावाच्या दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचा भार यांनी माणसे मारली, हे खरे. तथापि त्या घराला ओसरी होती, अंगण होते. शेजारणींचे बोलणे, धान्य निवडणे, जनावरांची राखण हे सारे तेथे चाले. चौकटीच्या कागदावर आखलेल्या सरळ रस्त्यांच्या गावात हे कोठे बसवायचे, हा प्रश्न आराखडा काढणाऱ्यांना पडला नाही. आणि गल्लीगल्लीत विभागलेली जात नव्या गावात विरघळली की नव्या क्रमाने मांडली गेली? उत्तर हवे असेल तर गावात वर्षानुवर्षे राहावे लागते. पाहणीच्या गाडीतून ते मिळत नाही.

अभ्यास अजिबात झाला नाही असे नव्हे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची माणसे आली होती. मराठवाडा आणि हिमालयातील नेपाळ येथील खेड्यांच्या स्थानिक ज्ञानाचा एकत्र विचार करणारा रोहित जिज्ञासू यांचा प्रबंध २००२ मध्ये सिद्ध झाला. कोठे, तर नॉर्वेतील ट्रॉन्डहाइमला! तेथील विद्यापीठाला जे अभ्यासण्याजोगे वाटते, त्यासाठी दिल्लीला आजवर किल्लारीत एक कायमची राष्ट्रीय संस्था उभारता आलेली नाही. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ भूकंपानंतर वर्षभरातच, १९९४ मध्ये, स्थापन झाले. ही जबाबदारी त्याच्याकडे सोपवून पुरेसा निधी द्यावा, ही मागणी अवास्तव नाही.

आणि ती तातडीची आहे. भूकंपाच्या वेळी विशीत असलेल्या सुना आता पन्नाशी ओलांडून गेल्या. जुन्या गावात कोणाचे दार कोणाच्या अंगणात उघडत होते, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. त्यांच्यापाशी बसून ऐकणारा संशोधक नेमण्यास कोणत्या मंत्रालयाची परवानगी लागते, ते तरी सरकारने सांगावे.