सँट्रोचं माहेर

बंगळूरहून चेन्नईला जाताना श्रीपेरुंबुदूर आलं की बाबा स्टिअरिंग थोपटत म्हणायचे, ‘बाई, तुझं माहेर आलं!’ ह्युंदाईची सँट्रो 1998 मध्ये इथूनच बाहेर पडली. छप्पर उंच, त्यामुळे गुडघ्यांनी त्रासलेली आजी न वाकता आत बसे. आमच्या घरात गाडीचा मोठेपणा त्यावरच ठरला. कंपनीचे संस्थापक चुंग जू-युंग आज उत्तर कोरियात असलेल्या एका खेड्यातल्या गरीब शेतकऱ्याचे पोर. वडिलांनी गाय विकून आणलेले पैसे घेऊन ते घरातून पळाले होते. त्याच 1998 साली, ऐंशी ओलांडलेल्या या माणसाने 1001 गुरं सीमेपलीकडे भेट नेली. हे वाचलं तेव्हा मला भरून आलं. आमची सँट्रो अजून मल्लेश्वरमचा चढ दुसऱ्या गियरमध्ये चढते.