लंडनचे सायकल नकाशे : सोपेपणाची मर्यादा

लंडनच्या भुयारी रेल्वेचा हॅरी बेक यांनी रेखाटलेला नकाशा १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. खरी अंतरे आणि वळणे बाजूला ठेवून सरळ रेषा, मोजके रंग आणि स्थानकांची नावे एवढेच त्यांनी दाखवले. सायकलस्वारांसाठीही असाच नकाशा असावा, अशी मागणी लंडनमध्ये होत आली आहे.

मागणी आकर्षक आहे. परंतु दोन्ही प्रवासांत मूलभूत फरक आहे. रेल्वेच्या प्रवाशाची वाट रूळ ठरवतात. त्याला गाडी कुठे बदलायची आणि कुठे उतरायचे, एवढे ठाऊक असले की पुरते. सायकलस्वाराला मात्र प्रत्येक चौकात निर्णय घ्यावा लागतो. पुढचा चढ किंवा अवजड वाहनांची वर्दळ सरळ रेषेत दिसत नाही.

त्यामुळे रस्ता नकाशाशी प्रामाणिक असणे महत्त्वाचे ठरते. २०१० पासून लंडनमध्ये सुरू झालेल्या ‘सायकल सुपरहायवे’ मार्गांना क्रमांक आणि निळा रंग देण्यात आला. ओळखायला ते सोपे होते. मात्र सुरुवातीच्या मार्गांवर अनेक ठिकाणी निळ्या पट्ट्याखेरीज कोणतेही संरक्षण नव्हते. २०११ च्या अखेरीस अशाच एका मार्गावरील बो येथील चौकात दोन सायकलस्वारांचा मृत्यू झाला, तेव्हा ही उणीव प्रकर्षाने समोर आली. बो ते स्ट्रॅटफर्ड या पुढील टप्प्यावर २०१३ मध्ये स्वतंत्र मार्गिका बांधण्यात आल्या.

बेल्जियमच्या लिंबर्ग प्रांतात १९९५ पासून सायकल मार्गांच्या सांध्यांनाच क्रमांक दिलेले आहेत. स्वाराने चार-पाच आकडे टिपून घ्यावेत आणि फलक पाहत जावे. अर्थात तेथे लंडनसारखी गर्दी नाही.