स्टेशनपासून घरापर्यंत

भाईजानांचा फोन आला, "शनिवारी ये, एक सही करायची आहे." सही म्हणजे हक्कसोडपत्र. अब्बांच्या घरातला आमचा हिस्सा त्यांच्या नावे. धाकटीने आधीच करून दिली होती, मीही करणारच होते. शरीअतने मुलीला हिस्सा दिला आहे हे आपण बयानात ऐकतो, माना डोलावतो, आणि माहेरचं दार बंद होऊ नये म्हणून कचेरीत जाऊन सही करून येतो.

गोंदियाला सकाळीच उतरले. वेळ हाताशी होता, म्हणून रिक्षा न करता पायीच निघाले. लहानपणी इथूनच बालाघाट-जबलपूरची छोटी लाइन सुटायची, रुळांत जेमतेम अडीच फुटांचं अंतर. नानी त्याच गाडीने यायची, धुराने काळवंडलेली पण हसत. आता तिकडेही मोठी लाइन झाली.

बाजारात शिंगाडे आले होते. कच्चे हिरवे एका टोपल्यात, उकडून काळे झालेले दुसऱ्यात. मी मराठीत भाव विचारला, बाईने हिंदीत सांगितला. आमच्या गोंदियाचं असंच आहे, मराठी शाळेत आणि हिंदी रस्त्यावर. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाला तरी त्यात फरक पडलेला नाही. पावशेर घेतले आणि चालता चालता सोलून खाल्ले. सासरी असं रस्त्यावर खाल्लं असतं का मी?

पुढे राइस मिलचा वास आला. उसन्या तांदळासाठी धान वाफवतात तो कोंदट, गोडसर वास. तो आला की घर जवळ आलं असं आम्ही समजायचो.

मोहल्ल्याच्या तोंडाशी एक बाई उंबऱ्यावर उन्हात बसून बिडी वळत होती. मांडीवर सूप, सुपात जर्दा, बाजूला ओल्या फडक्यात तेंदूपत्ता. पूर्वी या गल्लीत दारोदारी सूप असायचं, आज मला हे एकच दिसलं. सलाम करून मी तिच्या शेजारी टेकले. "पोरी नाही शिकल्या?" विचारलं. "नको म्हणतात, बोटं खराब होतात," ती म्हणाली. तिचे हात मात्र थांबले नाहीत.

अम्मीचेही थांबत नसत. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्टे झाले की हजार, आणि मजुरी हजारावर. आम्ही दोघी बहिणी फर्मा ठेवून पानं कापायचो. भाईजान टोपली डोक्यावर घेऊन सट्टेदाराकडे जायचे. तो छाट काढायचा, म्हणजे त्या बिड्यांची मजुरी बुडाली. मी सहावीत असताना मागची खोली फार गळायची. अम्मीने दोन वर्षं रात्री कंदिलापाशी बसून जास्तीचे कट्टे वळले, तेव्हा कुठे कवेलू निघाले आणि टिनपत्रे आले. अब्बांच्या पगारात फक्त घर चालायचं.

घराच्या कागदावर मात्र अब्बांचंच नाव आहे. अम्मीचं कुठेच नाही.

भाईजान दारातच उभे होते. "चालत आलीस? वेडी आहेस का?" म्हणाले. भाभींनी चहा ठेवला. कागद टेबलावर तयार होता, वर पेनही. मी पेन उचललं नाही. मागच्या खोलीत जाऊन वर पाहिलं. तेच टिन, गंजलेलं.

"भाईजान, हे टिन कुणी टाकलं?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. चहावर साय धरली. मग हळूच म्हणाले, "एकदा अर्धी टोपली छाट निघाली होती. मी रस्त्यातच रडत बसलो होतो. अम्मी घ्यायला आली होती."

"पुन्हा रात्रभर बसली होती," मी म्हटलं.

भाभींनी चहा पुन्हा गरम केला. त्या दिवशी कचेरीत कुणी गेलं नाही.