ससे, झुरळे आणि भाषांतरकार

फ्रेंच कादंबऱ्यांच्या इंग्रजी भाषांतरांविषयी अलीकडे एक मत मोठ्या प्रतिष्ठेने मांडले जाते. आपण भाषांतर वाचीत आहोत हे वाचकाला पदोपदी जाणवले पाहिजे. वाक्ये सुरळीत इंग्रजी वळणाची झाली की मूळ कृतीचा घात झाला, असे हे मत. त्याचा धागा श्लायरमाखरने १८१३ साली बर्लिनमध्ये दिलेल्या व्याख्यानापर्यंत नेता येतो, आणि लॉरेन्स व्हेनुटी यांच्या १९९५ च्या ग्रंथाने त्याला नवे बळ दिले. व्हेनुटींचे विवेचन विचारार्ह आहे. परंतु त्यांचे नाव पुढे करून जे लोक रोजच्या बोलण्यातले वाक्प्रचारही शब्दशः उतरवू पाहतात, त्यांच्याशी माझे भांडण आहे आणि ते मिटवण्याची मला मुळीच घाई नाही.

मित्राने भेटीची वेळ द्यावी आणि येऊच नये, यासाठी फ्रेंच माणूस म्हणतो, 'त्याने माझ्यासाठी ससा ठेवला.' मन उदास झाले तर त्याला 'झुरळ होते.' कोणी बेशुद्ध पडला तर तो 'सफरचंदांत पडतो,' आणि पिच्छा पुरवणारा माणूस 'पाय मोडतो.' हे सारे इंग्रजीत जसेच्या तसे ठेवले की वाचक खूश होतो. काय ही कल्पनाशक्ती, काय ही रंगत! पण विचारा एखाद्या फ्रेंच माणसाला. बोलताना त्याला ससा दिसत नाही. दिसते ती कॅफेतली समोरची रिकामी खुर्ची. आपण तरी पोटात कावळे कोकलतात म्हणतो तेव्हा कावळ्यांचा विचार कुठे करतो? आपल्याला हवी असते भाकरी. तेच वाक्य कोणी इंग्रजीत शब्दशः उतरवले, तर आपण त्या वाचकाला एक तर कवी वाटू, नाही तर रोगी.

आक्षेप आहे तो इथे. वाक्प्रचार म्हणजे हातोहात फिरून झिजलेले नाणे. त्यावरचा छाप पुसलेला असतो. किंमत तेवढी उरते. शब्दशः भाषांतर करणारा हे नाणे घासूनपुसून चकचकीत करतो आणि पुराणवस्तू म्हणून काचेच्या कपाटात मांडतो. परिणाम असा की पॅरिसमधला साधा कारकून इंग्रजीत आल्याबरोबर प्रतिमावादी कवी होऊन बसतो. लेखकाने त्याला चारचौघांसारखे बोलायला लावले होते, भाषांतरकाराने त्याला विक्षिप्त केले. याला मूळ कृतीशी इमान म्हणायचे असेल तर बेइमानी कशाला म्हणावे?

दुसऱ्या टोकाचे अपराधीही आहेत. फ्रेंच पात्राने 'दोरखंड कोसळताहेत' म्हटले रे म्हटले की हे लोक इंग्रजी आकाशातून कुत्री-मांजरे पाडतात. वाक्प्रचाराला वाक्प्रचार दिला, हिशेब चुकता! पण आजचा इंग्रज पावसात सापडला तर कुत्र्या-मांजरांची आठवण क्वचितच काढतो. ती क्रमिक पुस्तकांतच अधिक आढळतात. 'ओततोय नुसता' या अर्थाचे एक साधे क्रियापद त्याला पुरते. विने आणि दार्बेलने यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात फ्रेंचांच्या 'स्किटल्सच्या खेळात घुसलेल्या कुत्र्या'शेजारी इंग्रजांचा 'चिनी मातीच्या दुकानातला बैल' ठेवला. ती जोडी शोभते, कारण दोन्ही वाक्प्रचार सारखेच झिजलेले आहेत. मात्र त्यावरून जनावराला जनावर द्यावे असा नियम काढणे हा शुद्ध आळस होय. गुपचूप निघून जाण्याला फ्रेंच लोक 'इंग्रजी पद्धतीने सटकणे' म्हणतात, तर इंग्रज 'फ्रेंच रजा घेणे' म्हणतात. गंमत खरीच, पण ती कोशात. कादंबरीतली मुलगी मेजवानीतून हळूच निघून गेली असेल, तर तिला हळूच जाऊ द्यावे.

खरी कसोटी लागते ती लहान शब्दांपाशी. काम्यूच्या 'लेत्राँजे' (१९४२) या कादंबरीचा नायक आईला 'मामाँ' म्हणतो. फ्रेंचमध्ये हा शब्द मूलही वापरते आणि प्रौढ माणूसही, न लाजता. स्टुअर्ट गिल्बर्टने १९४६ मध्ये तिथे 'मदर' घातले, आणि पहिल्याच वाक्यात म्यरसो थंडगार झाला. हा प्रश्न क्षुल्लक नाही. आईच्या अंत्यविधीला रडला नाही हीच गोष्ट पुढे कोर्टात त्याच्यावर उलटते. 'मदर' वाचणारा वाचक खटला उभा राहण्याआधीच सरकारी वकिलाच्या बाजूला जाऊन बसलेला असतो! मॅथ्यू वॉर्डने १९८८ मध्ये 'मामाँ'च कायम ठेवले; सँड्रा स्मिथने २०१२ मध्ये 'माय मदर' केले. मला वॉर्डचा निर्णय पटतो. 'मम्मी' बालिश, 'मॉम' अमेरिकेतली, 'मम' इंग्लंडमधली. अल्जीअर्सच्या त्या माणसाच्या तोंडी यांतले एकही बसत नाही. आता प्रतिपक्ष म्हणेल, 'पाहा, शेवटी परका शब्दच जिंकला!' जिंकला खरा. पण परका म्हणून नव्हे, त्या शब्दाची ऊब राखायला दुसरा उपायच नव्हता म्हणून. सशाच्या बाबतीत तो उपाय हाताशी असतो. न येणाऱ्याला नावे ठेवायला इंग्रजीत बिनसशाचा वाक्प्रचार तयार आहे.

आणि सहज वाटणारे इंग्रजी म्हणजे सोपी पळवाट, असे ज्यांना वाटते त्यांनी 'अॅस्टेरिक्स' उघडावे. ऑबेलिक्सच्या कुत्र्याचे मूळ नाव 'इदेफिक्स'. डोक्यात घट्ट बसलेली कल्पना, असा त्यातला श्लेष. १९६९ पासून ही मालिका इंग्रजीत आणणाऱ्या अँथिया बेल आणि डेरेक हॉक्रिज यांनी त्याचे 'डॉगमॅटिक्स' केले. हटवादीपणा राहिला आणि वर कुत्राही नावात शिरला. मूळ शब्द एकही उरला नाही, पण विनोद सगळा उरला.

मराठी माणसाने या वादात का पडावे? कारण आपल्यापैकी बहुतेकांना फ्रेंच साहित्य भेटते ते इंग्रजीतून, आणि मराठीत आलेली कित्येक फ्रेंच पुस्तकेही त्याच वाटेने आली आहेत. इंग्रजीत सुटलेला ससा मग मराठी शिवारातही उड्या मारू लागतो, आणि आम्ही त्यालाच फ्रेंच प्रतिभा समजून माना डोलावतो.

फ्रेंच माणसाचे वेगळेपण त्याच्या घरात, त्याच्या भीतीत, त्याच्या 'तू' आणि 'तुम्ही'च्या अंतरात शोधावे. तिथे भाषांतरकाराने एक कणही गमावू नये. वाक्प्रचारापाशी मात्र त्याने एवढेच विचारावे: या वयाच्या, या धंद्याच्या, या क्षणी वैतागलेल्या माणसाच्या तोंडून इंग्रजीत काय निघाले असते? याचे उत्तर ज्याला देता येत नाही, त्याने खुशाल परकेपणाचे तत्त्वज्ञान सांगावे. भाषांतर मात्र दुसऱ्याला करू द्यावे.