पावसानें सुटी बुडते काय ?

मनुष्याचे बेत आणि आकाशांतील ढग यांचें फारसें सख्य नाहीं, हें कोणीं सांगावयास नको. शाळा, शिकवणी, परीक्षा आणि कचेरी यांच्या चक्रांत वर्षभर फिरून दमलेलें कुटुंब मे महिन्यांत चार दिवस कोठें तरी जाण्याचें ठरवितें. फार दूर जाण्याइतका पैसा व वेळ नसतो, म्हणून जवळचेंच ठिकाण निवडतें. आणि नेमकें त्याच दिवशीं आभाळ भरून येतें. मग "पावसानें आमची सुटी बुडविली" असा सूर घरोघर ऐकूं येतो. हा सूर कितपत न्याय्य आहे, याविषयीं थोडा विचार आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींपुढें व त्यांच्या आईबापांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आरंभींच एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तक्रार करणाऱ्यांची निराशा खोटी नसते. ज्या घरीं महिन्याच्या मिळकतींतून थोडें थोडें शिल्लक टाकून सहल जमविलेली असते, त्या घरीं तिच्यांतील एक दिवस फुकट जाणें हें लहानसहान नुकसान नव्हे. त्या निराशेची थट्टा करणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, निराशा खरी असली तरी तिचें कारण आपण समजतों तितकें पावसांत नसतें; पुष्कळसें तें आपल्या बेतांतच असतें.

प्रथम मे महिन्यांतील पावसाची ओळख करून घेऊं. देशावर या महिन्यांत जो पाऊस पडतो, तो बहुधा वळवाचा. चैत्र-वैशाखाच्या उन्हानें जमीन तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर चढते, समुद्राकडून आलेली वाफ तिच्याबरोबर उंच जाऊन थंड होते, आणि तिसऱ्या प्रहरीं काळे ढग जमून विजेच्या कडकडाटासह पाऊस कोसळतो. तास-दोन तासांत आकाश पुन्हा निवळतें. म्हणजे वळीव हा वेळ पाळणारा पाहुणा आहे. तो बहुधा दुपार टळल्यावर येतो. ज्या कुटुंबानें सकाळीं सहास निघून दुपारच्या जेवणापर्यंत परतण्याचा नेम ठेविला, त्याची सहल वळीव सहसा बुडवीत नाहीं. नऊ वाजेपर्यंत अंथरुणांत लोळून, अकरास न्याहारी आटोपून, दोन वाजतां डोंगर चढावयास लागणाऱ्या मंडळींनीं मात्र पावसास दोष देण्यापूर्वीं एकदां घड्याळाकडे पाहावें.

परंतु सर्वच वर्षें सारखीं नसतात. २०२५ सालच्या मे महिन्यांत अरबी समुद्रांत कोंकण किनाऱ्याजवळ कमी दाबाचें क्षेत्र निर्माण झालें. तें २४ मे रोजीं रत्नागिरी व दापोली यांच्या दरम्यान किनारा ओलांडून आंत आलें, आणि पाठोपाठ मोसमी पाऊसही दाखल झाला. एरवीं १ जूनच्या सुमारास केरळांत येणारा हा पाऊस त्या वर्षीं २४ मे रोजींच तेथें पोहोंचला; मुंबईस त्याची नेहमींची तारीख ११ जून, तेथें तो २६ मे रोजीं आला. कुलाबा येथें मे महिन्यांतील पावसाचा १९१८ सालचा उच्चांकही त्या वर्षीं मागें पडला. अशा वेळीं सकाळीं लवकर निघण्याची युक्ति चालत नाहीं. मग काय करावें ?

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस कोणत्याही पुस्तकांत मिळालें नाहीं. तें त्याच आठवड्यांत वाई येथें मिळालें. आम्ही मुलाबाळांसह तेथें आत्याबाईंकडे उतरलों होतों. पांचगणीचें पठार, महाबळेश्वरचीं ठिकाणें, घोड्यावरची रपेट, सारें कागदावर लिहून नेलें होतें. पहिल्याच सकाळीं पावसानें जी झड धरली, ती सुटण्याचें चिन्ह दिसेना. मुलें खिडकीशीं बसून कुरकुरूं लागलीं. मग एकेकानें मोबाईल हातीं घेतला, आणि दुपारपर्यंत घरांत माणसें असून घर मुकें झालें. आम्हां वडील माणसांची स्थितीही याहून फारशी बरी नव्हती. आम्हीही दर अर्ध्या तासानें हवामानाचा अंदाज पाहत होतों व तो आपल्या मनासारखा नाहीं म्हणून उसासे टाकीत होतों.

संध्याकाळीं आत्याबाईंनीं एक साधी गोष्ट केली. सरळ कांठाचा एक रिकामा डबा त्यांनीं अंगणांत ठेविला आणि आमच्या दहा वर्षांच्या पुतण्यास म्हणाल्या, "तुझा पाऊस नुसता पडतोय म्हणून रडूं नकोस, किती पडतोय तें मला मोजून सांग." दुसऱ्या दिवशीं सकाळीं पट्टी घालून पाहतां डब्यांत २५ मिलिमीटर पाणी भरलें. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हा हिशेब मुलांस शाळेंत शिकविलेला होता; पण तो त्यांस खरा वाटला तो त्या दिवशीं. घराचें छप्पर सुमारें ६० चौरस मीटर. तेव्हां त्यावरून एका रात्रींत १,५०० लिटर पाणी वाहून गेलें! तो आंकडा ऐकून आत्याबाई म्हणाल्या, "आणि मागच्याच महिन्यांत आम्ही एकेका हंड्यासाठीं थांबत होतों." मुलें एकमेकांकडे पाहूं लागलीं. कालपर्यंत जो पाऊस केवळ अडथळा होता, त्याला आतां अर्थ आला.

मग प्रश्नांतून प्रश्न निघाले. महाबळेश्वरास वर्षांत सरासरी साडेपांच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून वीस किलोमीटरच्या आंत असलेल्या पांचगणीस त्याच्या सुमारें एकतृतीयांश. आणि खालीं वाईस त्याहूनही कमी. इतक्या थोड्या अंतरांत एवढा फरक कां ? कारण समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीच्या कड्यावर चढतांना थंड होऊन आपलें ओझें तेथेंच टाकतो. पलीकडे उतरतो तेव्हां त्याच्या झोळींत थोडेंच उरलेलें असतें. त्याच महाबळेश्वरीं पडलेल्या पाण्याचा एक थेंब सावित्रीबरोबर पश्चिमेस जाऊन अरबी समुद्र गांठतो, आणि दुसरा कृष्णेबरोबर वाईवरून पूर्वेस निघून १,२०० किलोमीटरांहून अधिक प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळतो. मुलांनीं नकाशा काढला, त्यावर दोन्ही नद्या रंगविल्या, आणि जें महाबळेश्वर पाहावयास मिळालें नाहीं तें त्यांस थोडेंबहुत समजलें. नुसतें पाहून परतणाऱ्या पुष्कळांस तें तितकेंही समजत नसेल, असें आम्हांस वाटतें.

दुपारीं पाऊस थोडा ओसरतांच आम्ही छत्र्या घेऊन जवळच्या मेणवलीस गेलों. नाना फडणिसांचा वाडा, कृष्णेचा घाट, आणि घाटावरील लहानशा देवळांत टांगलेली ती मोठी घंटा आम्हीं पाहिली. १७३९ सालच्या वसईच्या विजयानंतर आणलेल्या या घंटेवर मरिया व बाळ येशू यांची आकृति आहे. ख्रिस्तमंदिरांतील घंटा कृष्णाकांठच्या देवळांत कशी आली, हें विचारतां विचारतां मुलांचा अर्धा इतिहास घोटून झाला. वाई आम्हीं याआधीं अनेकदां "वाटेवरचें गांव" म्हणून ओलांडली होती. पाऊस नसता तर त्याही वेळीं ओलांडलीच असती. जवळच्या ठिकाणांविषयीं आपण जितके अज्ञानी असतों, तितके दूरच्यांविषयीं नसतों, हें आमच्या त्या दिवशीं ध्यानांत आलें.

तरीही आमच्या पुतण्याची रुखरुख गेली नव्हती. घोड्यावर बसावयाचें राहिलें, हें त्याचें शल्य होतें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं आत्याबाईंच्या ओळखीचा एक शेतकरी धांवत आला. काढून ठेविलेला त्याचा कांदा उघड्यावर ताडपत्रीखालीं होता. वाऱ्यानें ताडपत्री उडाली आणि कांदा भिजूं लागला. आम्ही सर्वजण गेलों. मुलांनींही पाट्या उचलल्या व दोन तास कांदा गोठ्यांत नेऊन टाकला. निम्मा वांचला, खालचा थर मात्र आधींच्या पावसानेंच सडला होता. काम चालूं असतां पुतण्या सहज बोलून गेला, "काका, या पावसानें आमचीही सुटी बुडविली." तो शेतकरी रागावला नाहीं. हातांतील पाटी खालीं ठेवून तो म्हणाला, "बाळा, तुझी सुटी पुढल्या सालाला परत येईल. ह्यो कांदा काय परत येत न्हाई."

त्यानंतर परत निघेपर्यंत मुलानें घोड्याचें नांव काढलें नाहीं. आम्हीं त्यास कांहीं उपदेश केला नाहीं. करण्याची जरूरही नव्हती. खरें म्हणजे तें वाक्य आम्हां वडील माणसांनाच अधिक लागलें होतें. एकाच पावसानें आमची रपेट चुकली आणि त्या मनुष्याची कित्येक महिन्यांची मेहनत मातींत गेली. आणि तक्रारीचा आवाज मात्र आमचाच मोठा होता! पावसास आपल्या सोयीच्या मापानें मोजण्याची संवय आपण मुलांस लावतों, ती आपण आधीं स्वतः सोडली पाहिजे.

येथवर पावसाची बाजू मांडली. आतां त्याच्या धोक्याविषयींही स्पष्ट बोलणें आमचें कर्तव्य आहे. "पावसांत मजा करा" असें म्हणणारे पुष्कळ आहेत, पण त्यामुळें किती घरें उजाड होतात तें विसरूं नये. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजीं पुणें जिल्ह्यांत कुंडमळा येथें इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल सहलीस आलेल्या माणसांसह कोसळला व चौघांचे प्राण गेले. हीं ठिकाणें परदेशांतील नव्हेत. तीं आपल्या घराजवळचींच आहेत. जवळचें म्हणून आपण निर्धास्त असतों, आणि तेंच घातक ठरतें. डोंगरांतील ओढ्यास आपल्या डोक्यावर ऊन असतांही वरच्या पावसानें अकस्मात् लोंढा येतो. म्हणून पावसाळी दिवशीं ओढ्याच्या किंवा धबधब्याच्या पात्रांत उतरूं नये, हा नियम घरांतील सर्वांनीं मानलाच पाहिजे. विजेविषयींही तसेंच. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत सेकंद मोजावे. दर तीन सेकंदांस सुमारें एक किलोमीटर अंतर समजावें. तीस सेकंदांच्या आंत आवाज आला तर तत्काळ पक्क्या घरांत जावें, एकट्या झाडाखालीं कदापि उभें राहूं नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये.

आईबापांस आमची नम्र सूचना अशी कीं, सहलीचा बेत आंखतांना दोन याद्या कराव्या; एक उन्हाची व एक पावसाची. पावसाची यादी मुलांनाच करूं द्यावी. गांवांतील जुना वाडा, ग्रंथालय, देऊळ, ख्रिस्तमंदिर, कुंभाराचें चाक, आजीच्या तोंडची जुन्या काळची हकीकत, लोणच्यासाठीं कैऱ्या चिरण्याचें काम, यांपैकीं कांहीं तरी प्रत्येक गांवीं असतेंच. पाऊस आला म्हणून मुलांच्या हातीं मोबाईल देऊन मोकळें होणें सोपें आहे. पण मग घर सोडून एवढ्या दूर आलों तरी कशाला, हा प्रश्न उरतो. आणि मुलांसही आमचें सांगणें आहे : आईबापांनीं तुमच्यासाठीं जो बेत केला तो ढगांनीं मोडला, तर तुमच्याइतकेच, कदाचित् अधिक, ते हिरमुसलेले असतात. त्या वेळीं तुम्ही हंसतमुखानें "दुसरें कांहीं करूं" असें म्हणालां, तर त्यांच्या सुटीचें सार्थक होतें.

प्रभु येशूनें डोंगरावरील प्रवचनांत पावसाचा दाखला दिला आहे, तो विचार करण्याजोगा आहे. बरा कोण व वाईट कोण, हें पाहून पाऊस पडत नाहीं. तो सर्वांवर सारखाच पडतो. तो आमच्या रजेचा अर्ज वाचून येत नाहीं, तसा आम्हांस शिक्षा करण्यासाठींही येत नाहीं. तो आल्यावर आपण कसें वागतों, एवढेंच आपल्या हातीं ठेविलेलें आहे. आमच्या पुतण्याचा तो डबा आतां त्याच्या स्वतःच्या घराच्या गच्चीवर आहे, आणि पाऊस पडला कीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं वाईस निरोप जातो : "आत्याआजी, आमच्याकडे इतका झाला. तुमच्याकडे किती ? आणि त्या काकांचा कांदा झांकलेला आहे ना ?" ज्या सुटीनें मुलास हा शेवटचा प्रश्न विचारावयास शिकविलें, ती सुटी पावसानें बुडाली असें म्हणावयास आम्ही तरी तयार नाहीं.