मेंदूचा क्षय : स्कॅन काढला, आता पाणीही तपासू द्या



क्षय म्हटला की आपल्याला खोकला आठवतो. पण हाच जंतू रक्तावाटे मेंदूच्या आवरणापर्यंतही पोहोचतो, आणि तेव्हा खोकला असेलच असे नाही. दोन-तीन आठवडे बारीक ताप, न थांबणारी डोकेदुखी, उलट्या. मग माणूस सुस्तावतो, असंबद्ध बोलतो, फिट येते. लहान मूल नुसते किरकिर करते आणि खाणे टाकते. घरचे म्हणतात, बाहेरचे काही लागले! अंगारे-धुपाऱ्यात गेलेला एकेक दिवस इथे फार महाग पडतो. शुद्ध हरपल्यावर उपचार सुरू झाले तर जीव वाचूनही नजर, कान, हात-पाय अधू राहू शकतात.

डॉक्टर डोक्याचा स्कॅन सांगतात. सिटी स्कॅन काही मिनिटांत होतो. मेंदूत पाणी साठले असेल तर त्यात लगेच दिसते. असे पाणी काढून देण्यासाठी कधी ऑपरेशन करून नळी बसवावी लागते. एम.आर.आय. चुंबकावर चालतो, त्याला वेळ लागतो, मशीन ठकठक आवाज करते, पण बारकावे जास्त दिसतात. अंगात पेसमेकर किंवा धातूची पट्टी असेल तर आधीच सांगा. शिरेतून औषध सोडून काढलेल्या फोटोत मेंदूच्या तळाचे सुजलेले आवरण उठून दिसते, क्षयाच्या गाठीही दिसतात.

‘गाठ’ शब्द ऐकताच घरात रडारड होते. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. क्षयाची गाठ बहुधा औषधाने आटते. मात्र पट्टकृमीच्या अळीची गाठही फोटोत तशीच दिसू शकते. म्हणजे नुसत्या फोटोवर निकाल लागत नाही. उलट सुरुवातीला स्कॅन अगदी साफ येऊ शकतो, आणि रोग आत असतो.

म्हणूनच डॉक्टर पाठीतले पाणी तपासायचे म्हणतात, आणि आपली माणसे नेमकी इथेच अडतात. पैसे मोडून स्कॅन काढतात, पण सुईला ‘नको’ म्हणतात. का, तर माणूस लुळा पडतो म्हणे! सुई कमरेत जिथे टोचतात तिथवर मज्जारज्जू पोहोचतच नाही, तो वरच संपतो. दोन-चार दिवस डोके दुखेल, एवढेच बहुधा. मेंदूवर दाब फार असेल तर पाणी काढणे धोक्याचे ठरते. तो धोका आधी पाहता यावा, हेही स्कॅन काढण्याचे एक कारण आहे.

पाण्यात जंतू सापडला नाही तरी लक्षणे आणि फोटो पाहून डॉक्टर औषध सुरू करतात. हे औषध सरकारी केंद्रात मोफत मिळते, पण वर्षभर, कधी त्याहून जास्त घ्यावे लागते. मधल्या काळात गाठ थोडी मोठी दिसली म्हणून घाबरून गोळ्या सोडू नका. औषध लागू पडत असतानाही असे होते. आणि फिल्म गादीखाली घडी घालून ठेवू नका. जुनी फिल्म शेजारी धरल्याशिवाय गाठ वाढली की आटली, हे डॉक्टरांना नीट सांगता येत नाही.