गट कोणता?

दहावीचा निकाल लागला की घराघरांत खल सुरू होतो: गणित ठेवायचं की बायो? डॉक्टर व्हायचं तर गणिताचं ओझं कशाला, इंजिनिअर व्हायचं तर बेडूक-झुरळं कशाला! दोन्ही ठेवणाऱ्या पोराकडे क्लासवालेही ‘याचं काही ठरलेलं दिसत नाही’ अशा नजरेनं बघतात. चेतापेशींमधल्या आयनांचा अभ्यास करणाऱ्यांचं मात्र असं काही ठरलेलं नव्हतं, हे बरंच झालं.

चेतापेशीच्या आत पोटॅशियम जास्त असतं, बाहेर सोडियम. पेशीपटलातले सोडियमचे चॅनेल क्षणभर उघडतात, सोडियम आत घुसतं आणि विजेचा संदेश पुढे सरकतो. दंतवैद्य हिरडीत देतात ते बधिर करणारं इंजेक्शन हेच चॅनेल अडवतं. आत-बाहेरचा फरक टिकवण्यासाठी एक प्रथिन अहोरात्र राबत असतं. एटीपीचा एक रेणू खर्चून ते सोडियमचे 3 आयन बाहेर टाकतं आणि पोटॅशियमचे 2 आत घेतं.

हे प्रथिन सापडलं डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठात येन्स स्काऊ यांना. माणूस मूळचा डॉक्टर, शस्त्रक्रियेकडे निघालेला. भूल देणारी औषधं नेमकं करतात काय, हा प्रश्न डोक्यात शिरला आणि त्यापायी ते खेकड्यांच्या चेता वाटून त्यातलं विकर तपासू लागले. सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही मिळाले की विकराचा वेग वाढायचा. 1957 साली त्यांनी निबंध छापला, पण मथळ्यात आयनांच्या वाहतुकीचा उल्लेखही नाही! पुढच्या वर्षी व्हिएन्नाच्या परिषदेत रॉबर्ट पोस्ट भेटले. ते रक्तपेशींवर काम करणारे. औबेन हे विष रक्तपेशींतली ही वाहतूक थांबवतं, असं त्यांच्याकडून कळताच स्काऊंनी आरहूसला फोन करून खेकड्याच्या विकरावर औबेन टाकून बघायला सांगितलं. विकर थंडावलं, म्हणजे आयनांची वाहतूक करणारं प्रथिन ते हेच. नोबेल मिळालं 1997 साली, वयाच्या 79 व्या वर्षी, आणि तेही रसायनशास्त्राचं. डॉक्टरला.

बाकीच्यांचीही हीच तऱ्हा. अँड्र्यू हक्सली केंब्रिजला भौतिकशास्त्रासाठी गेले, शरीरक्रियाशास्त्र घेतलं ते एक विषय कमी पडत होता म्हणून. पुढे विद्यापीठाचा संगणक बंद असताना त्यांनी चेतासंदेशाची समीकरणं हातानं फिरवायच्या गणकयंत्रावर सोडवली. एकेका चॅनेलमधून जाणारा प्रवाह 1976 साली मोजणारे एर्विन नेहर भौतिकीचे, त्यांचे जोडीदार बर्ट साकमन डॉक्टर.

आपल्याकडेही असं घडलं आहे, मुंबईतच. 1962 साली होमी भाभांनी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे गणित आणि भौतिकीच्या गडात, ओबेद सिद्दीकींना जीवशास्त्र उभं करायला बोलावलं. सिद्दीकी अलीगढचे वनस्पतिशास्त्राचे पदवीधर. त्यांनी सेमूर बेंझर यांच्यासोबत उष्णता वाढली की लुळ्या पडणाऱ्या फळमाश्यांवर काम केलं. त्यांपैकी एका प्रकारच्या माशीचा दोष सोडियम चॅनेलच्या जनुकात आहे, हे पुढे उलगडलं.

आज प्राध्यापकपदाच्या जाहिरातीत ‘संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी’ अशी अट असते. छाननी करणारा कारकून संबंधित म्हणजे अगदी तोच विषय, असा अर्थ लावतो. तो तरी काय करणार, वर कोर्टबाजीची टांगती तलवार. पण भौतिकीची एमएस्सी असलेली, चेतापेशीला काचेची नळी चिकटवून असा प्रवाह मोजण्यात तरबेज झालेली मुलगी अशा वेळी प्राणिशास्त्राच्याही यादीत बसत नाही आणि भौतिकीच्याही. पुण्याच्या आयसरमध्ये पदवीची पहिली वर्षं सगळी विज्ञानं एकत्र शिकवतात, हे उत्तमच. मात्र तिथून बाहेर पडल्यावर नोकरीच्या दारात पुन्हा तीच चाळणी.

संशोधनाची वाट सोपी नाही, हेही पालकांना सांगायला हवं. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात. 2023 पासून फेलोशिप महिना 37,000 रुपये झाली, तरी ती वेळेवर हातात पडेलच असं नाही. त्यानंतर बहुतेकांची परदेशवारी. एवढं ऐकूनही ज्या पोराला जावंसं वाटेल, त्याला अकरावीत गणित आणि बायो दोन्ही घेऊ द्या. विद्यापीठांनी आपल्या जाहिरातीतली ती एक ओळ बदलावी. त्याला पैसा लागत नाही, विद्वत्सभेची एक बैठक पुरे.